शंभराला सहा भाग पाणी

मी त्या दुकानात टेबलावरचा दिवा घ्यायला गेले होते. जुन्या वस्तूंचं दुकान. दारात पाती नसलेले पंखे, आत शिलाई मशीनची रांग, आणि मागच्या फळीवर एक गाडी… हातभर लांब, टपाचा निळा रंग ठिकठिकाणी उडालेला, चाकं मात्र दणकट. उचलून पाहिली, तर खेळण्याच्या मानाने फारच जड. तिला वास होता. गोडसर, जळक्या एरंडेलासारखा.

दुकानदार म्हणाला, रिमोटवर चालते, पण सेलवर नाही. हिला खरं इंजिन आहे, इंधन घालावं लागतं, धूर निघतो. आणि आवाज इतका करते की शेजारी भांडायला येतील, तेव्हा विचार करून घ्या. त्याने हा दोष म्हणून सांगितला. मला तोच गुण वाटला.

मी औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करते. अकरा वर्षं झाली. आमच्या खोलीतले तराजू इतके हळवे आहेत की दार जोरात लोटलं तरी शेवटचा आकडा थरथरतो. तिथे सगळे हळू चालतात, हळू बोलतात, आणि ती सवय माझ्याबरोबर घरी येते. आई म्हणते, तू घरात असलीस तरी घरात कुणी नाही असंच वाटतं. भरपूर आवाज करणारी एखादी वस्तू आपल्या मालकीची असावी असं मला बरेच दिवस वाटत होतं. कोणती, ते ठरलं नव्हतं.

गाडी चालते का, असं मी विचारलं. उत्तर दुकानदाराने दिलं नाही. मागे भंगार तोलायचा मोठा काटा होता. त्याच्यापाशी एक माणूस वाकून पितळी वजनं एकेक करून पारड्यात ठेवत होता.

“चालते,” तो मान वर न करता म्हणाला. “चांगली चालते. माझीच होती.”

तो वजनमापं तपासणारा सरकारी निरीक्षक होता. वर्षाची तपासणी करायला आला होता. दुकानदाराने कौतुकाने माहिती पुरवली – साहेबांची बदली झालीय, सामान कमी करतायत. आणि साहेब म्हणाले चालते, म्हणजे शिक्काच बसला समजा.

साहेबांनी शेवटचं वजन फडक्याने पुसलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“कोण चालवणार?”

“मी.”

“तुम्ही स्वतः?”

“का? परवाना लागतो?”

तो हसला नाही. पण वजनांची पेटी बंद करून तो उभा राहिला तेव्हा एक वजन बाहेरच राहिलं होतं. ते मी त्याच्या हातात दिलं. दिवा घ्यायचा राहूनच गेला.

गाडीबरोबर इंधनाची अर्धी बाटली, प्लग तापवायची कांडी आणि रिमोट मिळाला. सुरू नाही झाली तर फोन करा, असं म्हणून निरीक्षकाने आपला नंबर दिला होता. मी माहिती काढून सगळ्या पायऱ्या क्रमाने एका वहीत लिहून घेतल्या. टाकी भरायची, आधी रिमोट चालू करायचा, मग गाडीतला स्विच. नाहीतर गाडी आपल्या मर्जीने सुसाट निघते. कांडी प्लगवर बसवायची, दोरी ओढायची. शनिवारी गच्चीवर मी दोरी चाळीस वेळा ओढली. एकेचाळिसाव्या वेळी ती हललीच नाही.

फोनवर त्याने एवढंच विचारलं, की धुराड्यावर बोट किती वेळ धरलं होतं. इंधन वर चढावं म्हणून ते क्षणभर धरायचं असतं. मी म्हटलं, प्रत्येक वेळी पाच सेकंद.

“मॅडम, इंजिन पोटभर प्यायलंय,” तो म्हणाला. “उद्या सकाळी वेळ आहे?”

बंद पडलेल्या एका गोदामासमोर मोठं सिमेंटचं अंगण होतं. तिथे तो सायकलवरून आला. प्लग काढला, गाडी उलटी धरली आणि मला दोरी ओढायला सांगितली. गुलाबी इंधनाची पिचकारी त्याच्या शर्टावर उडाली. मी माफी मागितली. तो म्हणाला, ह्याच शर्टावर याआधीही उडालंय, म्हणून तर हा घातला. मग त्याने शिकवायला सुरुवात केली. दोरी वीतभरच ओढायची, झटक्याने. पूर्ण ओढली की तुटते. इंधन किती जायचं ते एक बारीक सुई ठरवते, ती एका वेळी आठवा भागच फिरवायची, आणि फिरवल्यावर वाट पाहायची. इंजिन तापलं की नाही ते कळण्यासाठी तो बोट जिभेला लावून इंजिनच्या माथ्याला टेकवायचा. मी पिशवीतून ड्रॉपर काढला, माथ्यावर एक थेंब टाकून दाखवला आणि तो किती सेकंदांत उडतो ते मोजायला घड्याळ लावलं.

“तुम्ही थेंबही मोजून टाकता?”

“एका मिलिलिटरमध्ये वीस.”

“आणि माझी थुंकी?”

“ते माप प्रमाणित नाही.”

या वेळी तो हसला. खालचे दोन दात किंचित वाकडे होते. मी ते वहीत लिहिलं नाही, पण लक्षात राहिलं.

त्या दिवशी गाडी चालली नाही. दुसऱ्या रविवारी दोनदा खोकली आणि गप्प झाली. त्याने बाटलीचा वास घेतला आणि म्हणाला, दोष माझा. ही बाटली फार दिवस उघडी होती. हे इंधन हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मग इंजिन धरत नाही. मला ते माहीत होतं. त्यात मिथेनॉल असतं, आणि मिथेनॉलचा हा स्वभाव मला कॉलेजपासून परिचयाचा. तरी मी ते त्याच्याकडून नीट ऐकून घेतलं. नवी सीलबंद बाटली तो त्या जुन्या वस्तूंच्या दुकानात ठेवून जाणार होता.

बुधवारी कामावरून सुटल्यावर मी बाटली घेऊन एकटीच गोदामापाशी गेले. दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं.

तो आवाज… वर्णन करायचं तर, पत्र्याच्या डब्यात कोंडलेल्या हजार मधमाश्या. गाडी अंगणाच्या त्या टोकाला गेली, वळली, निळा धूर सोडत माझ्या पायाशी आली. टाकी संपेपर्यंत नऊ मिनिटं आणि काही सेकंद. मी मोठ्याने हसत होते, आणि ते मला स्वतःला ऐकू येत नव्हतं.

मग शांत झालं, आणि माझ्या लक्षात आलं की आता रविवारी त्याचं काही काम उरलेलं नाही.

पुढे मी जे केलं ते सरळ सांगते. नवं इंधन दोन बाटल्यांत वाटून घेतलं आणि एकीत पाणी घातलं. किती घालायचं, हा प्रयोगाचा भाग होता. शंभराला चार भाग पाण्यावर गाडी जराशी कुरकुरली, पण चालली. दहावर सुरूच झाली नाही. सहावर सुरू व्हायची, सात-आठ सेकंद आशा दाखवायची आणि मरायची. सहा बरोबर होतं. गुलाबी रंगात काही दिसत नाही.

तिसऱ्या रविवारी त्याने सुई तपासली, प्लग बदलला, नळ्या फुंकून पाहिल्या. इंधनाची शंका त्याला आली नाही. नवी बाटली आहे, तो प्रश्नच नाही, असं तो स्वतःच म्हणाला. मी कांडी धरून बाजूला बसले होते. काम करताना तो बदलीच्या जागेबद्दल बोलला. तिथे मुख्य प्रयोगशाळा आहे. काचेच्या घुमटाखाली ठेवलेली मूळ वजनं, ज्यांच्यावरून बाकी सगळी वजनं तपासली जातात. त्यांना हातात मोजे घालून, श्वास धरून उचलायचं. नऊ वर्षं त्याने त्या जागेसाठी अर्ज केले होते. पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं.

“तिथे तुम्हाला आवडेल,” तो म्हणाला आणि लगेच सुईकडे वळला. “म्हणजे… तुमच्यासारख्या माणसाला.”

“माझ्यासारखं म्हणजे कसं?”

“थेंब मोजणारं.”

जाताना त्याने मला घरचा अभ्यास दिला. दर बुधवारी दहा वेळा सुरू करून पाहायची आणि प्रत्येक वेळी किती सेकंद चालते ते लिहायचं. बुधवारी मी चांगल्या बाटलीवर मनसोक्त गाडी फिरवायचे आणि घरी येऊन लिहायचे – सात, आठ, सात, आठ. अकरा वर्षांत मी मोजमापाचं एकही वाचन खोटं लिहिलं नव्हतं. अक्षर नेहमीपेक्षा छान आलं.

पाण्याने आतले भाग गंजतात, म्हणून दर रविवारी घरी आल्यावर मी टाकी रिकामी करून इंजिनमध्ये तेलाचे दोन थेंब सोडायचे. आईला गॅलरीतल्या वासाचा राग होता. पण चौथ्या रविवारी मी लवकर निघाले, तर तिनेच आठवण करून दिली, की आज ढग आहेत, तुझ्या गाडीच्या डॉक्टरला छत्री आणायला सांगायचीस. मी म्हटलं, गाडीला डॉक्टर नसतो. ती म्हणाली, तेच म्हणते मी, इतके दिवस गाडीला कोणी बघत नाही.

त्या दिवशी खरोखरच पाऊस आला आणि आम्ही गोदामाच्या पत्र्याखाली उभे राहिलो. छत्री कुणाकडेच नव्हती. जागा दोघांपुरती, गाडी मध्ये ठेवली तर दीड माणसापुरती. म्हणून गाडी त्याने उचलून धरली. पत्र्यावर इतका आवाज होता की बोलण्यात अर्थ नव्हता. त्याने माझ्या कपाळाकडे बोट केलं. मी पुसलं. त्याने मान हलवली – तिथे नाही. मग गाडी एका हातावर तोलून दुसऱ्या हाताच्या मनगटाने माझ्या भुवईवरचं तेल पुसलं. बोटं काळी होती, म्हणून मनगट. एवढंच. पाऊस थांबल्यावर दोघंही थोडा वेळ तसेच उभे होतो, आणि नंतर दोघांनीही तो पाऊस किती अवेळी होता यावर जरुरीपेक्षा जास्त चर्चा केली.

पाचव्या रविवारी तो आल्या आल्या म्हणाला, “वही बघू.”

अंगणाच्या कडेला बसून त्याने पानं उलटली. सावकाश, बोट प्रत्येक ओळीखाली धरून. मला त्याचे कान दिसत होते. ते लाल होत गेले.

“बुधवारी तुम्ही इथे येतच नाही,” तो म्हणाला.

मी कांडी पुसायला घेतली.

“सात, आठ, सात, आठ. खरी वाचनं इतकी शहाण्यासारखी वागत नाहीत, मॅडम. दुकानदार घरी बसून वही भरतात ना, ती अशी दिसते. माझा रोजचा धंदा आहे हा.” त्याने वही मिटली. “कंटाळा आला असेल तर तसं सांगायचं होतं. मला वाईट वाटलं नसतं.”

हे उघड खोटं होतं.

मग त्याने पुढचं सांगितलं, दुसरीकडे पाहत. इंजिनचा पिस्टन गेलाय असं त्याचं मत झालं होतं. नवा मागवायला महिना लागेल. तोपर्यंत तो इथेच थांबणार, हजर व्हायची तारीख पुढे ढकलायचं पत्र लिहून झालंय. खिशात आहे, उद्या टपालात पडेल.

“आणि ती जागा?”

“यादीत माझ्याखाली माणसं आहेत. त्यातल्या कुणाला तरी मिळेल.”

“एका जुन्या खेळण्यासाठी?”

“तुम्ही ती माझ्या शब्दावर घेतलीत,” तो म्हणाला. “मी लोकांना पाच ग्रॅमसाठी दंड करतो.”

तीन रविवार मी चोरले होते, आणि त्यांची भरपाई तो आपली नऊ वर्षं देऊन करणार होता. गप्प राहिले असते तर तो थांबला असता. महिनाभर, कदाचित कायमचा. तो विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. आला, आणि पुरते दोन-तीन श्वास टिकला.

मी उठले. टाकीतलं इंधन ओतून टाकलं. पिशवीच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळलेली दुसरी बाटली काढली. टाकी भरली, रिमोट लावला, गाडीतला स्विच लावला, धुराड्यावर बोट धरलं. फक्त क्षणभर. कांडी बसवली. वीतभर दोरी.

पहिल्याच झटक्याला.

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. गाडी अंगणाच्या टोकापर्यंत नेली, वळवली, आणली. पुन्हा नेली. माझे हात सफाईने फिरत होते. बुधवारांचा सराव लपवायचा म्हटलं तरी लपला नसता. थांबले की बोलावं लागणार होतं, म्हणून थांबले नाही. नऊ मिनिटं फार असतात. पाचव्या मिनिटाला तो उठून उभा राहिला. सातव्याला त्याने पहिली बाटली उचलली, झाकण काढून वास घेतला, उन्हाकडे धरून तिरपी केली. टाकी संपली. गाडी अर्ध्या वाटेत थांबली.

“पाणी?” त्याने विचारलं.

“शंभराला सहा.”

“सहाच का?”

“चारला चालत होती. दहाला सुरूच होत नव्हती.”

त्याने बाटली खाली ठेवली. “पेट्रोल पंपावर मी रोज अशीच लबाडी बघतो. रोज. आणि इथे…”

“बाटली तुम्हीच आणली होती. तुम्ही स्वतःवर विश्वास ठेवलात.”

“मी तुमच्यावर ठेवला,” तो म्हणाला.

इंजिन निवताना टिक टिक करत होतं, ते दोघंही ऐकत राहिलो.

“का पण?”

मी कामावर निष्कर्ष सांगते त्याच आवाजात सांगितलं. दुसरा आवाज मला येत नाही.

“गाडी सुरू झाली असती, तर तुम्ही पुढच्या रविवारी आला नसतात. आणि मला तुम्ही यायला हवे होतात. गाडी फक्त… हाताशी होती.”

मग त्याने खिशातून पत्र काढलं, पाकीट दोन्ही बाजूंनी पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं.

“हे मंगळवारी लिहिलं मी,” तो म्हणाला. “टपालपेटी माझ्या ऑफिसच्या दारातच आहे. रोज तिच्यावरून जातो. टाकलं नाही.”

“का?”

“एका पिस्टनसाठी कोणी महिनाभर अडून बसत नाही, एवढं मलाही कळत होतं. पण कागदावर लिहायला दुसरं कारण नव्हतं माझ्याकडे. आणि जे होतं ते… आज सांगावं म्हटलं, तर तुम्ही वही घरी बसून भरलेली. मला वाटलं, तुम्हाला नकोच आहे मी इथे.”

“आता कारण लिहिता येईल,” मी म्हटलं.

“आता थांबायचीच गरज नाही, असं मला वाटतंय.” तो घुटमळला. “आहे का?”

“नाही. तुम्ही जा. पहिल्या तारखेला हजर व्हा. ती वजनं दुसऱ्या कुणी उचललेली मला चालणार नाहीत.”

“पाच तास लागतात बसने.”

“रविवारी बस बंद असते का?”

“नाही,” तो म्हणाला. “रविवारी दोन जास्त सोडतात.”

म्हणजे त्याने आधीच विचारून ठेवलं होतं. मी हे बोलून दाखवलं नाही. त्याने पत्राचे चार तुकडे केले, अंगणात टाकले नाहीत, खिशात ठेवले. मग अर्ध्या वाटेत थांबलेली गाडी आणायला आम्ही दोघंही एकदम निघालो. खरं तर ती एकाने उचलण्यासारखी होती.

तो निघायच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी दारावर टकटक झाली. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. दार आईने उघडलं. तिथून मला फक्त त्याची बाही दिसत होती. इस्त्री केलेली, इंधनाचा एकही डाग नसलेली.

आईने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं असणार, कारण मधे बराच वेळ गेला.

“ही तर म्हणाली, गाडी चालायला लागली,” ती म्हणाली.

“हो, छान चालते.”

“मग आज काय बिघडलं?”

मी नळ बंद केला.

“काहीच नाही,” तो म्हणाला. त्याचा आवाज थोडा चढा होता, पाठ केल्यासारखा. “आज काही बिघडलेलं नाही, म्हणून आलोय. तुमच्याशी बोलायचं होतं.”

आई एक पाऊल मागे सरली आणि मला हाक मारण्याऐवजी तिने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. फरशीवर खुर्चीचा पाय करकरत गेला, चांगला मोठ्याने. मी ओले हात तसेच घेऊन बाहेर आले.